कागदांचा क्रम

पाली शिकवणाऱ्या बाईला थाई भाषा कशाला हवी, हा प्रश्न मला कॉलेजात विचारला गेला, घरी विचारला गेला आणि बँकेच्या काउंटरवरही विचारला गेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाली इथंच शिकलीस ना? मग आता तिकडं काय राहिलंय?"

राहिलं होतं ते बरंच. मध्य थायलंडमध्ये पूर्वी पाली ग्रंथ ताडपत्रांवर ख्मेर लिपीत लिहिले जात. राजे चुलालाँगकॉर्न यांनी १८९३ साली त्रिपिटक थाई लिपीत ३९ खंडांत छापून घेतलं आणि देशोदेशीच्या ग्रंथालयांना भेट म्हणून पाठवलं. आजही तिथे पालीच्या परीक्षांच्या नऊ श्रेणी आहेत आणि नववी पार करणाऱ्याला फार मान असतो. त्या परीक्षांसाठी शतकभर लिहिली गेलेली व्याकरणं, टिपा, भाषांतरं सगळी थाईत. भिक्खू पयुत्तो यांचा 'बुद्धधम्म' थाईत. बुद्धदास भिक्खूंची प्रवचनं थाईत. इंग्रजी भाषांतरांवर किती दिवस काढायचे? मी वर्षभराची बिनपगारी रजा मागितली आणि बँकॉकमधल्या एका खाजगी भाषाशाळेशी पत्रव्यवहार सुरू केला.

व्हिसाच्या कागदांची यादी मिळायला काहीच अडचण नव्हती. पासपोर्ट, फोटो, प्रवेशपत्र, शैक्षणिक प्रमाणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, राहत्या पत्त्याचा पुरावा. शाळेने पोलीस क्लिअरन्सही मागितला होता. यादी हातात आली की आपण जो कागद सहज मिळेल तो आधी गोळा करायला लागतो. मीही तेच करणार होते, पण नागपूरचे एक भन्तेजी, जे बँकॉकच्या महाचुलालाँगकॉर्न बौद्ध विद्यापीठात शिकून आले होते, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "ताई, यादी सगळेच देतात. आधी काय, नंतर काय, ते विचारा." मग पाऊण तास ते फक्त त्यावरच बोलले. आज कोणी मला विचारलं तर मीही त्यावरच बोलते, कारण यातला प्रत्येक कागद दुसऱ्या कुठल्या तरी कागदाच्या खांद्यावर उभा असतो.

त्याआधी एका सल्ल्याबद्दल सांगायला हवं, कारण तो अनेकांना मिळतो. मी ज्या ट्रॅव्हल एजंटकडे तिकिटाची चौकशी केली, तो म्हणाला, "मॅडम, व्हिसा कशाला काढताय? भारतीयांना साठ दिवस फुकट आहे. जा आणि तिकडेच बघा." जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची सवलत मिळाली होती, हे खरंच. पण ती फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि छोट्या कामांसाठी होती. वर्षभर वर्गात बसायचं असेल तर नॉन-इमिग्रंट 'ईडी' व्हिसाच लागतो, म्हणजे शिक्षणासाठीचा. ज्या देशाची भाषा शिकायची, त्या देशात पहिलं पाऊल कारण लपवून टाकायचं, हे मला मान्य नव्हतं. शिवाय या व्हिसाचा गैरवापर बराच होतो. शाळेत नाव घालायचं आणि प्रत्यक्षात दुसरंच काही करायचं, असे लोक असतात. त्यांच्यामुळे खऱ्या विद्यार्थ्याच्याही कागदांकडे अधिकारी संशयाने बघतात. म्हणून आपले कागद निर्मळ असणं जास्तच गरजेचं.

तर क्रम असा. सगळ्यात आधी शाळा, आणि शाळेत सगळ्यात आधी तिचा परवाना. चुलालाँगकॉर्न किंवा चियांग माई अशा विद्यापीठाचा अभ्यासक्रम असेल तर मुख्य आधार विद्यापीठाच्या पत्राचा. खाजगी शाळा असेल तर तिला थाई शिक्षण मंत्रालयाची मान्यता हवी. शाळा तुमच्या वतीने मंत्रालयाकडे अर्ज करते आणि मंत्रालय तुमच्या नावाचं पत्र देतं. ते पत्र कोणाला उद्देशून असतं? तुम्ही जिथे अर्ज करणार, त्या थाई वकिलातीला. भारतात थायलंडचा दूतावास दिल्लीत आहे आणि महावाणिज्य दूतावास मुंबई, चेन्नई आणि कोलकात्यात. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मुंबईकडे जायचं. म्हणजे मी राहते कुठे, याचा पुरावा व्हिसाच्या वेळी नव्हे, शाळेचा फॉर्म भरतानाच पक्का हवा होता. माझ्या पासपोर्टवर सांगलीचा पत्ता, आधारवर पुण्याचा. दोन्ही महाराष्ट्रातच असल्यामुळे निभावलं. पण बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आणि पासपोर्टवर कोल्हापूरचा पत्ता असणाऱ्या मुलाने हा प्रश्न पहिल्या दिवशीच सोडवायला हवा.

शाळेची फी मंत्रालयाच्या पत्राआधी भरावी लागते. व्हिसा नाकारला गेला तर त्यातले किती पैसे परत मिळणार, हे मी पैसे पाठवण्याआधी लेखी मागून घेतलं. शाळेने काही वाईट वाटून घेतलं नाही. दोन ओळींचं उत्तर आलं आणि मी निर्धास्त झाले.

आता नावाचं. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बाईची कागदपत्रं हा मोठा विषय आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. बी.ए.ची पदवी तशीच. एम.ए. लग्नानंतर झालं, त्यामुळे त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅन कार्डावर स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. थाई शाळेच्या फॉर्मात तीन रकाने होते: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्याला वाटतं, हे तर आपल्यासाठीच केलंय, मधल्या रकान्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव टाकू. पण भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा रकानाच नाही. तिथे दोनच गोष्टी असतात, आडनाव आणि 'गिव्हन नेम', आणि आपलं व नवऱ्याचं नाव दोन्ही 'गिव्हन नेम'मध्ये जातं. भन्तेजींनी हे निक्षून सांगितलं होतं: परदेशाच्या दृष्टीने तुमचं नाव म्हणजे पासपोर्टवर जे, ज्या क्रमाने, ज्या स्पेलिंगने छापलंय ते. म्हणून मधला रकाना मी रिकामा ठेवला आणि पहिल्यात दोन्ही नावं लिहिली. मंत्रालयाकडे पाठवायचा मजकूर शाळेकडून आधी मागवून घेतला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. पत्र निघाल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

माहेरच्या आणि सासरच्या नावांमधला पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो क्षेत्रीय कार्यालयातून पूर्वीच घेतलेला होता. स्पेलिंगच्या फरकासाठी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केलं. नाव पूर्णच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ती सगळ्यात आधी करून घ्यावी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. मला हा निर्णय मनापासून आवडतो. या मुली उद्या शिकायला बाहेर जातील तेव्हा त्यांची तिन्ही नावं पासपोर्टपासून पदवीपर्यंत एकाच क्रमाने लागलेली असावीत, एवढीच इच्छा आहे. त्यांच्या आईवडिलांनी आजपासून तेवढं सांभाळावं.

कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मला सोपं वाटलं होतं. पत्र तयार झालं, प्राचार्यांची सही झाली, शिक्का बसला. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, जावक क्रमांक नाही यावर. असं नेऊ नका." रजिस्टर उघडून त्यांनी नोंद केली आणि क्रमांक व तारीख पत्राच्या डोक्यावर निळ्या शाईने लिहिली. मग आणखी एक गोष्ट विचारली, जी मला सुचली नव्हती. "तुमचा कोर्स कधी सुरू, कधी संपतो? रजा त्याच तारखांची आहे ना?" रजा जूनपासून मंजूर होती, कोर्स जुलैपासून. त्यांनी मसुद्यात 'प्रवासाच्या तयारीसह' असे शब्द घालून घेतले. प्रवेशपत्रावरचा कालावधी, रजेचा कालावधी आणि बँकेत वर्षभराच्या खर्चापुरते पैसे, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही. चांगला कारकून किती मोठी मदत करू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बँकेचं स्टेटमेंट मुद्दाम शेवटी घेतलं, कारण ते लवकर शिळं होतं. पोलीस क्लिअरन्ससाठी पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जावं लागलं आणि नंतर चौकीतून घरी पडताळणी झाली. ते काम नीट झालं, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही.

थाई शिकण्याचं कारण सांगणारं एक पानी पत्र मात्र मी बरेच दिवस लिहीत होते. नेटवर अशा पत्रांचे नमुने पुष्कळ मिळतात: मला तुमची समृद्ध संस्कृती आवडते, तुमचे लोक हसतमुख आहेत. हे कोणीही लिहील. मी लिहिलं की पुण्यात मी पाली शिकवते. १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं, त्या परंपरेत आम्ही स्वतःला मोजतो. माझ्या विद्यार्थ्यांना थाई परंपरेतल्या पाली अध्यापनाची ओळख करून द्यायची आहे आणि त्यासाठी मला थाई वाचता यायला हवी. शेवटी वर्ष संपल्यावर मी माझ्या नोकरीवर परत येणार, हे जावक क्रमांकाचा हवाला देऊन लिहिलं. पत्रात खरं आणि नेमकं असेल तर ते लहानच होतं.

मंत्रालयाचं पत्र स्कॅन होऊन आलं तेव्हा मी ते बराच वेळ बघत बसले. वर मध्यभागी गरुड, पंख पसरलेला. थायलंडच्या सरकारी पत्रांवर तोच असतो. सगळा मजकूर थाईत, मधेच रोमन लिपीत माझं नाव. तारीख थाई आकड्यांत आणि साल २५६८. थाई बुद्धाब्द इसवीच्या ५४३ वर्षं पुढे चालतो, त्यामुळे २०२५ साल तिथे २५६८. आपल्याकडे आणि श्रीलंकेत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षं १९५६ साली साजरी झाली, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. थाई गणनेप्रमाणे २५०० साल आलं ते १९५७ मध्ये. एका वर्षाचा हा फरक मी वर्गात कितीदा शिकवला होता. आता तो माझ्याच नावाच्या कागदावर होता आणि तारखा ताडताना मला तो मांडावा लागत होता.

१ जानेवारी २०२५ पासून थायलंडचा ई-व्हिसा भारतात लागू झाला, त्यामुळे अर्ज ऑनलाइनच. पासपोर्टवर स्टिकर येत नाही, ईमेलने मंजुरी येते, ती छापून जवळ ठेवायची. फाइल चढवण्याआधी प्रत्येक स्कॅन मोबाइलवर मोठा करून बघावा. शिक्क्यातली अक्षरं वाचता येत नसतील तर तो कागद जोडून उपयोग नाही. अर्ज फार लवकरही करू नये. एकदाच प्रवेश देणारा ईडी व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. व्हिसाची फी परत मिळत नाही.

व्हिसा आला म्हणून फाइल मिटत नाही. निघण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं झालं. ईडी व्हिसावर पहिल्यांदा ९० दिवस राहता येतं. पुढची मुदतवाढ तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात, १,९०० बाट भरून. त्यासाठी घरमालकाने तुम्ही राहायला आल्याची नोंद केलेली असावी लागते, तिला 'टीएम ३०' म्हणतात. खोली भाड्याने घेण्याआधीच मालकाला हे विचारून घ्यावं, कारण काही मालक टाळाटाळ करतात. शाळेची हजेरी आणि मंत्रालयाचं नवं पत्र लागतं. प्रत्येक झेरॉक्सवर आपली सही लागते. आपल्याकडे स्वयंसाक्षांकित करायची सवय असल्यामुळे भारतीयांना ते जड जात नाही.

बँकॉकमध्ये चेंग वत्थना इथल्या मोठ्या सरकारी संकुलात मुदतवाढीचं हे काम होतं. मी गेले तेव्हा माझ्या आधीच्या माणसाला अधिकारी बाईने थाईत काही विचारलं आणि त्याला उत्तर देता आलं नाही. त्याला बाजूला बसवून ठेवलं. माझी हजेरीपत्रकं तिने चाळली आणि थाईत विचारलं, शिक्षिकेचं नाव काय, वर्ग कोणत्या वारी असतो, काय वाचता? मी सांगितलं, सोमवार ते गुरुवार, आणि आत्ता शाळेच्या पुस्तकातला बाजाराचा धडा चालू आहे. तिने शिक्का मारला, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो त्याची पुढची तारीख असलेली चिठ्ठी पासपोर्टात स्टेपल केली आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.