दातांचा रंग

गेल्या माघात मुलीचे लग्न झाले. त्याआधी दोन महिने ती घरातले जुने फोटो चाळीत बसली होती. मध्येच म्हणाली, "बाबा, एकाही फोटोत तुमचे दात दिसत नाहीत!" गोष्ट खरी होती. तीस वर्षांचा चहा आणि जेवणानंतरचे पान यांनी दातांना जो रंग आणला होता, तो झाकण्याची ओठांना सवयच जडली होती. आमच्या पणजीच्या काळी बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत आणि तो शृंगार गणला जाई, हा दाखला मी देऊन पाहिला. पण एम. ए. ची विद्या घरात चालत नाही. इंदुरातल्या एका दंतवैद्य बाईंची वेळ तिने परस्पर ठरवून टाकली.

भिंतीला चुना द्यावा तसा काही लेप दातांना देत असावेत, अशी माझी समजूत. बाईंनी आधी दातांवरचे कीटण काढले. निम्मे डाग तेवढ्यानेच गेले. मग सोळा छटांच्या नमुना-दातांची पट्टी माझ्या दातांशेजारी धरून माझी छटा टिपून घेतली. हिरड्यांवर संरक्षक थर दिला आणि दातांना हायड्रोजन पेरॉक्साइडचे दाट औषध लावले. हे औषध दाताच्या वरच्या कवचातून आत झिरपते आणि रंगद्रव्याचे कण फोडते. दात खरवडला जात नाही. वर निळ्या दिव्याचा थाट होता. "काका, काम औषधाचंच असतं, दिव्याचं फारसं नाही," हे बाईंनीच सांगून टाकले. घाई नसेल तर आपल्या दातांच्या मापाच्या साच्यात सौम्य औषध भरून तो दोनएक आठवडे रोज रात्री घरीच लावता येतो. गुण जवळजवळ तितकाच येतो. कृत्रिम टोपी किंवा दातात भरलेले सिमेंट मात्र पांढरे होत नाही. शिवाय वयाबरोबर कवच झिजून आतला पिवळा थर दिसू लागतो, तेव्हा विशीतले दात परत मिळतील ही आशा धरू नये.

त्या रात्री गार पाण्याच्या घोटासरशी कळ मस्तकात गेली. ती दोन-तीन दिवसांत ओसरली. दोन दिवस चहा आणि हळद वर्ज्य. मराठी घरात हळद वर्ज्य म्हणजे दहीभातच उरतो! पहिल्या दिवशीचा शुभ्रपणाही थोडा उतरला. औषधाने दात कोरडे पडतात, म्हणून आरंभी ते अधिक पांढरे दिसतात.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. खुर्चीवर असताना बाईंनी न जाणाऱ्या डागांची चित्रे दाखवली. त्यांतल्या एका चित्रातले तपकिरी, ठिपकेदार दात मी ओळखले.

१९९८ साली मी धार जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. सहावीतल्या एका मुलाचे दात अगदी असेच होते. मी त्याला वर्गापुढे उभे करून सर्वांना दात दाखवायला लावले आणि कडुलिंबाच्या काडीने घासून ये, असे बजावले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा हिरड्या सोलवटलेल्या होत्या. डाग तसेच होते. त्यानंतर तो तोंडावर हात धरून धडा वाची, आणि शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून मी पुन्हा रागावे.

बाई म्हणाल्या, हा मळ नव्हेच. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी पोटात गेले, की दात हिरडीखाली घडत असतानाच हा दोष त्यांत उतरतो. तो घासून जाणे शक्य नाही. वरचा पातळ थर घासून मग हे औषध लावले, तर काहींचे डाग फिके होतात, एवढेच. त्या गावात शाळेसमोर एकच हातपंप होता. त्याचे पाणी मीही चार वर्षे प्यालो. पण माझे दात तोवर घडून चुकले होते.

लग्नाच्या फोटोत माझे दात दिसतात. मुलगी खूश आहे. तो मुलगा आता अडतिशीच्या घरात असेल. पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे, असे जुन्या सहकाऱ्याकडून कळले. त्याचा नंबरही मिळाला आहे. दोनदा लावायला घेतला. अजून लावलेला नाही.