राणी घेतली, कव्हर राहिले

घोडबंदर रोडला मानपाड्याच्या आतल्या बाजूस आमची वस्ती. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला लांबवर खाडी आणि रस्त्यालगत कंपन्या. सकाळचा भोंगा झाला की डबे घेतलेली माणसे लगबगीने निघत. 1991 साली माझ्या वडिलांची कंपनी बंद पडली. त्याच वर्षी मी दहावी पास झालो. आईला उद्याच्या पिठाची चिंता, आणि मी मात्र दिवेलागण झाली की समाजमंदिरात कॅरमवर हजर!

वर टांगलेला बल्ब, कडेला बोरिक पावडरचा डबा आणि भोवती नंबर लावून बसलेली पोरे. स्ट्रायकर जोरात हाणला की झाले, असे मला वाटे. आवाज मोठा व्हायचा, पण सोंगटी कडेला आपटून परत यायची.

आमच्या शेजारी तात्या राहत. कंपनीत टर्नर होते. लेथवर राबून बोटे जाड झालेली, पण त्यांचा स्ट्रायकर अगदी अलगद सुटे. एकदा माझा हात धरून ते म्हणाले, "पोरा, जोर कशाला लावतोस? आधी खड्डा बघ. खड्ड्यापासून सोंगटीपर्यंत मनात रेघ मार. ती रेघ सोंगटीच्या मागून जिथं बाहेर पडते, तिथं स्ट्रायकर लागला पाहिजे. जायचं कुठं ते ठरल्याशिवाय मारायचं न्हाई."

महिन्याभरात माझा हात बसला. मग राणीचा मोह सुटला. साध्या सोंगटीला 1 गुण, राणीला 3. पण राणीचा नियम कडक. ती घेतल्यावर लगेच पुढच्याच फटक्यात आपली एक सोंगटी घालावी लागते. यालाच कव्हर म्हणतात. ते चुकले की राणी पुन्हा मधोमध जाऊन बसते. मी कितीदा तरी राणी घेतली, टाळ्या घेतल्या आणि कव्हर चुकवले.

1992 साली माझा आयटीआयला फिटरसाठी नंबर लागला. आईने उसने पैसे घेऊन वस्तीत पेढे वाटले. चारच महिन्यांत मी ते सोडले. ठेकेदाराकडे रोजी मिळत होती. घरात पैसा नव्हता हे खरे. पण त्याहून खरे हे की, सकाळी उठून घासत बसायचा मला कंटाळा आला होता. नंबर लागला यातच मी खूश होतो. पुढचा विचारच केला नव्हता.

तात्यांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. कॅरमवर बसलो होतो. त्यांनी राणी उचलली, मधोमध ठेवली आणि म्हणाले, "घेतली हुतीस. कव्हर राहिलं. आता परत सगळ्यांसाठी उघडी."

त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. या वेळी वायरमनला नंबर लागला. आई दोन घरची धुणीभांडी करू लागली आणि मी संध्याकाळी एका दुकानात वायरिंगच्या कामाला जाऊ लागलो. कॅरम फक्त रविवारी. दोन वर्षे पुरी केली, सर्टिफिकेट हातात आले आणि त्यावरच आजवर आमची चूल पेटली. गेलेले एक वर्ष मात्र परत आले नाही.

हे सारे आज आठवायचे कारण माझा मुलगा. दहावीनंतर त्याला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. आता पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, तर म्हणतो, "पप्पा, सोडतो. मित्र टॉवरमध्ये पार्सल पोचवतात, रोज पैसे मिळतात." कंपन्यांच्या जागी टॉवर आले, रस्त्यात मेट्रोचे खांब उभे राहिले, पण आमच्या पोरांपुढचा मोह तोच राहिला. पार्सल पोचवणे हलके काम आहे असे मी म्हणणार नाही. कष्टाची लाज आपल्याला कधीच नव्हती. पण हाती आलेली राणी अर्ध्यावर टाकून जायचे का?

मी त्याला ओरडलो नाही. जुना कॅरम काढला आणि समोर बसवला. खेळता खेळता त्याला काझिमाची गोष्ट सांगितली. चेन्नईच्या रिक्षाचालकाची ही मुलगी 2024 साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकून आली. तिच्याही घरी पैशाची ओढ असेलच की! मग त्याने राणी घेतली, हसला आणि पुढचा फटका घाईत मारला. राणी मी मधोमध ठेवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा असतो?"

आयाबायांनो, बाबांनो, पोरांचा नंबर लागला की आपण पेढे वाटतो. जरूर वाटावेत. पण चार महिन्यांनी, वर्षाने, पोर कंटाळते, नापास होते, घरातला पैसा संपतो, त्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसा. फीची सोय बघा, त्याच्या शिक्षकांना भेटा, रात्री जागा. त्याला आपली खरी गरज त्याच वेळी असते.