बाकी

आमच्या वसाहतीच्या कुंपणालगत, चिंचेच्या झाडाखाली, बाबांची मॅटॅडोर पिकअप अकरा वर्षे उभी होती. तिच्या हौद्यात पाला साचून त्याची माती झाली होती, आणि एका पावसाळ्यात त्या मातीत पिंपळाचे रोपही उगवले होते. येणारेजाणारे विचारीत, "हे भंगार केव्हा काढणार?" एक भंगारवाला तर दर वर्षी नाताळाच्या सुमारास, घराघरांतून साफसफाई चाललेली असताना, नेमाने येऊन भाव सांगून जाई. बाबांचे त्याला एकच उत्तर असे : "गाडी आजारी आहे, मेलेली नाही."

बाबांचा हा हट्ट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 'टेम्पो' हा शब्द मराठीत आज इतका मुरला आहे की तो मूळचा एका परदेशी कारखान्याच्या गाडीचे नाव होता, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथे 'टेम्पो' या नावाच्या छोट्या मालवाहू गाड्या तयार होत. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि आपल्याकडे तीनचाकी मालवाहू गाड्या बनू लागल्या. या उद्योगाचे धुरीण नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे. मुंबईत गोरेगावला सुरू झालेले हे काम पुढे आकुर्डीला आले आणि चारचाकी मॅटॅडोरने देशभर नाव कमावले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मॅटॅडोर बनणे त्याआधीच थांबले होते. आपल्या बोलीतला टेम्पो मात्र राहिला.

बाबाही नगर जिल्ह्यातलेच. दुष्काळी गावातून १९६६ साली ते एका ट्रंकेनिशी आकुर्डीला आले आणि या कारखान्यात फिटर म्हणून लागले. त्या काळात आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे अशीच नगर जिल्ह्यातून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे आली. सकाळच्या भोंग्याबरोबर बाहेर पडणारे आणि काळ्या हातांनी परतणारे वडील माझ्या पिढीतील अनेकांच्या आठवणीत असतील. पस्तीस वर्षे दुसऱ्यांसाठी गाड्या जुळविल्यावर, २००१ साली निवृत्त होताना, बाबांनी फंडाच्या पैशांतून स्वतःसाठी एक गाडी घेतली. ती १९९३ सालची वापरलेली मॅटॅडोर पिकअप होती.

त्या गाडीने मग अकरा वर्षे आमचे घर चालविले. लहान कारखान्यांचा माल ती आकुर्डीहून भोसरीला आणि भोसरीहून आकुर्डीला नेई. रविवारी तिला सुटी असे असे म्हणावे, तर त्याच दिवशी तिला फुकटची कामे असत. कोणाचे बिऱ्हाड हलवायचे असे, कोणाच्या लग्नाची भांडी आणायची असत. नाताळात गोठ्यासाठी गवत आणि बांबू आणायचे असत. भाडे विचारले की बाबा म्हणत, "डिझेल घाला, पुरे."

२०१२ च्या उन्हाळ्यात इंजिनाच्या हेडला तडा गेला. पाणी इंजिनात उतरू लागले, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला आणि गाडी थांबली. त्याच सुमारास आईच्या आजारपणाला पैसे लागले. गाडीची दुरुस्ती मागे पडली ती पडलीच. आई गेली, बाबांचे हात थरथरू लागले. मी शाळेत शिकविणारा माणूस; पाना कसा धरावा हेही मला धड ठाऊक नव्हते.

२०२३ च्या डिसेंबरात भंगारवाला नेहमीप्रमाणे आला. त्या दिवशी बाबांनी उत्तर दिले नाही. ते फक्त माझ्याकडे पाहत राहिले. ते ऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांची ती नजर मला सहन झाली नाही. मीच भंगारवाल्याला म्हणालो, "गाडी द्यायची नाही. आम्ही ती दुरुस्त करणार आहोत."

बोलून तर गेलो. पण काम उरकायला सव्वा वर्ष लागले. ओळखीच्या एका मिस्त्रींनी गाडी आपल्या गॅरेजात घेतली. शनिवारी दुपारी आणि रविवारी मिस्सानंतर आम्ही दोघे तेथे जात असू. बाबा स्टुलावर बसून सांगत आणि मी करीत असे. या गाडीची ओढ पुढच्या चाकांना असते; मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा तिच्या पोटाखाली नाही, म्हणूनच तिचा हौदा जमिनीलगत आहे आणि हमालाला ओझे फार उंच उचलावे लागत नाही, हे मला चाळीशी उलटल्यावर प्रथमच कळले. थंडीत हे डिझेल इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापू द्यावा लागतो, घाई केली तर ते नुसतेच खोकते, हेही कळले. बाबांनी हे सारे मला पूर्वी सांगितले नव्हते, असे नाही. मीच ऐकले नव्हते.

नवे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग आमची जुन्या भागांची शोधयात्रा सुरू झाली. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आरसा आणि दाराची मूठ मिळाली. हौद्याचा कुजलेला पत्रा कापून एका मोडीत निघालेल्या गाडीचा पत्रा जोडला. मागचा फाळका तिसऱ्याच गाडीचा आला. त्यावर पिवळ्या रंगात 'आईचा आशीर्वाद' असे लिहिलेले होते. मिस्त्री त्यावर लांबी फिरवायला निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू द्या. कोणाची तरी आई आहे."

खरा प्रश्न इंजिनाचा होता. शहराबाहेरच्या एका दुकानी पूर्ण इंजिन पस्तीस हजारांत मिळत होते. दुकानदाराने ते चालवून दाखविले. आवाज स्वच्छ होता, धूर नव्हता. मी खिशात हात घातलाही. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि ब्लॉकच्या बाजूवरील तेलकट थर त्यांनी अंगठ्याने पुसला. जेथे इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो ती जागा त्यांना न पाहताही ठाऊक होती. तेथे क्रमांक नव्हता. घासून गुळगुळीत केलेले लोखंड होते.

"चल," बाबा म्हणाले.

वाटेत मी त्यांच्याशी वाद घातला. ते चोरीचे असेल कशावरून? आपण कोठे चोरी केली आहे? आपण नाही घेतले तर दुसरा कोणी घेईलच. आणि, खरे सांगतो, मी असेही म्हणालो, "बाबा, तुमच्याकडे आता किती वेळ आहे?"

हे शब्द तोंडातून गेले आणि मला लाज वाटली. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "या गाडीत दुसऱ्या गाड्यांचे भाग घालतोय ना आपण? त्या गाड्या संपल्या, त्यांच्या मालकांनी आपल्या हाताने त्या मोडीत दिल्या, म्हणून ते घालता येतात. ज्याचा मालक अजून शोधतो आहे, तो भाग नव्हे. ते त्याचं पोट आहे. माझ्या गाडीत ते बसणार नाही."

इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते, क्रमांकाशिवाय ती होणार नाही, हे कारण त्यांना सहज देता आले असते. त्यांनी ते दिले नाही. आमचा ब्लॉक शाबूत होता. पूर्ण इंजिनाचा नाद सोडून फक्त हेड शोधायचे ठरले आणि आणखी चार महिने गेले.

हेड अखेर कुदळवाडीत मिळाले. चिखलीलगतच्या या भागाची ज्यांना माहिती आहे त्यांना सांगायला नको. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून जे जे बाहेर फेकले जाई, ते पत्र्याच्या हजारो शेडांतून तेथे वेगळे केले जाई. प्लास्टिक, रबर, तांबे, लाकूड, यंत्रांची हाडे. त्यांतल्या एका शेडमध्ये उत्तर प्रदेशातून आलेले एक वृद्ध गृहस्थ जुन्या गाड्यांचे भाग विकत. सारे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी एका मॅटॅडोरचे हेड काढून दिले आणि ती गाडी कोणत्या दुधवाल्याने मोडीत दिली होती, ते वहीत लिहिलेले दाखविले. बाबांनी हेडला रॉकेल लावले, पुसून कोरडे केले आणि वर खडूची पूड घासली. बारीक तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही पंधरा मिनिटे वाट पाहिली. रेघ उमटली नाही. चाचा हसून म्हणाले, "काका, तुम्ही डॉक्टर आहात."

किंमत अकरा हजार ठरली. माझ्याजवळ सात होते. मी बँकेत जाऊन येतो म्हणालो, तर चाचांनी हेड रिक्षात ठेवलेही. "गाडी चालू झाली की तिच्यातच बसून या आणि बाकी द्या," ते बाबांना म्हणाले. त्यांनी वहीत चार हजार मांडले. माझे नावसुद्धा विचारले नाही. 'आकुर्डीवाले काका' एवढेच लिहिले. ही जानेवारी २०२५ मधील गोष्ट.

हेड यंत्रावर घासून सपाट केले, इंधनाचा पंप आणि नोझल तपासून आणले. हेडचे बोल्ट आवळताना बाबा स्टुलावरून उठून माझ्या शेजारी उभे राहिले. "मधून बाहेर. एका दमात नाही. सगळ्यांना थोडं थोडं, मग पुन्हा पहिल्यापासून." एकाच बाजूला जोर दिला तर हेड वाकते आणि पुन्हा गळू लागते. त्यांचा थरथरता हात माझ्या हातावर होता, आणि दोन्ही मिळून एक हात ठीक चालला.

इकडे हे चालले असताना, ८ फेब्रुवारीपासून कुदळवाडी-चिखलीत महापालिकेची मोठी मोहीम सुरू झाली. अनधिकृत म्हणून तेथील शेड आणि गोदामे काही दिवसांत जमीनदोस्त झाली. तेथे वारंवार आगी लागत, धुराने आसपासचे रहिवासी त्रस्त होते, हेही खरे. आणि त्या शेडांवर हजारो घरांच्या चुली पेटत होत्या, हेही खरे. वर्तमानपत्रातले छायाचित्र मी बाबांपासून लपविले. पण त्यांना ते गॅरेजात कळले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चाचांची वही?"

एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली. हीटर प्लग तापू दिला, डिझेलच्या नळीतली हवा काढली, तिसऱ्या प्रयत्नाला इंजिनाने आवाज धरला. मिस्त्रींनी पेढे वाटले. माझी मुलगी, जी विजेवरच्या गाड्यांचे शिक्षण घेते, नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आजोबा, हिचा धूर पाहा." तिचे म्हणणे चूक नाही. याच आकुर्डीत आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर तयार होतात, आणि उद्याचा रस्ता त्यांचाच आहे. आम्ही ही गाडी रोज चालविणार नाही. थकलेला कर आणि दंड भरून योग्यता प्रमाणपत्र घेतले आहे; बिऱ्हाडे आणि गोठ्याचे गवत, एवढेच तिचे काम.

पहिली फेरी कोठे काढायची, हे विचारावे लागले नाही. बाबा स्वच्छ सदरा घालून पुढे बसले. खिशात चार हजारांचे पाकीट होते. कुदळवाडीत पोहोचलो तेव्हा जेथे चाचांची शेड होती तेथे विटांच्या चुऱ्याचे मैदान होते. गाडीतच बसून या, असे ते म्हणाले होते. आम्ही आलो होतो, पण आम्हांला पाहायला तेथे कोणी नव्हते. त्यांचा दूरध्वनी बंद होता. चहाच्या टपरीवर कोणी म्हणाले, ते गावी गेले. कोणी म्हणाले, चाकणकडे कोणाच्या जागेत आहेत.

मी परतीच्या वाटेवर म्हणालो, "बाबा, आपण आपल्याकडून प्रयत्न केला." बाबा म्हणाले, "प्रयत्न केला म्हणजे पैसे दिले असं होत नाही."

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी आम्ही निघतो. मोशी, चाकण, तळेगावचा रस्ता; जेथे जुन्या गाड्यांचे भाग विकतात तेथे थांबतो आणि विचारतो. पाकीट गाडीच्या खणात आहे. त्यावर बाबांनी वाकड्या अक्षरांत लिहिले आहे : 'चाचा, बाकी ४०००.' ती वही राहिली नसेल. पण हिशेब राहिला आहे.

या त्रैमासिकाचे वाचक चाकण, तळेगाव, शिक्रापूर भागांतही पुष्कळ आहेत. जुन्या गाड्यांचे भाग विकणारे, पूर्वी कुदळवाडीत असलेले असे एक वृद्ध चाचा आपल्या पाहण्यात आले, तर त्यांना एवढेच सांगावे की आकुर्डीवाल्या काकांची गाडी चालू झाली आहे, आणि काका त्यांना शोधीत आहेत.