घड्याळातला निरोप

"घरून निघताना झाकण मिटलं होतं रे, तरी बघ कसा तापलाय!" मावशीने पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्या हातात दिला. तव्यासारखा गरम. आत पंखा गरगरत होता, पडदा काळा, कॅप्स लॉक दाबलं तरी दिवा लागेना. आदल्याच दिवशी तिने लिनक्सचं अपडेट घेतलं होतं, नव्या कर्नेलसकट, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासकट.

सुरू होतानाच्या यादीतून मी जुना कर्नेल निवडला. दहा वेळा झाकण मिटलं, दहा वेळा उघडलं. शहाण्या बाळासारखा झोपला, हाक मारताच उठला. म्हणजे झाकणाचा सेन्सर आणि बॅटरी दोघेही सुटले. जुना कर्नेल लगेच पुसू नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी. मावशी म्हणाली, "मग राहू दे की जुनाच." पण जुन्यावर कायमचं राहायचं, तर सुरक्षेच्या पुढच्या दुरुस्त्यांना मुकायचं.

लॅपटॉपची झोप म्हणजे घर बंद करून गावाला जाणं. सगळ्याला क्रम असतो. आधी चालू प्रोग्रॅम गोठवायचे, मग एकेक उपकरण निजवायचं, मग फर्मवेअरला कळवायचं, मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करायचे. मध्येच काही अडलं, तर तक्रार लिहून ठेवायला कोणी जागं नसतं. पडदा आणि डिस्क आधीच निजलेली असतात. त्यामुळे सकाळी लॉग उघडावा, तर शेवटची ओळ 'झोपायला निघालो' एवढीच.

म्हणून कर्नेलमध्येच एक सोय आहे, पीएम-टेस्ट. ठरवलेल्या पायरीपर्यंत जायचं, पाच सेकंद थांबायचं आणि माघारी फिरायचं. 'फ्रीझर'पर्यंत पाठवला, सुखरूप परत आला. 'डिव्हायसेस'पर्यंत पाठवला, तोही आला. नवखा असताना मी इथेच हुरळून पुढची पायरी धरली असती. आता तीच पायरी पुन्हा पुन्हा चढतो. तिसऱ्या खेपेला पडदा काळा झाला तो झालाच.

पायरी सापडली, पण त्या पायरीवर उपकरणं डझनावारी. इथे माझं सगळ्यात आवडतं हत्यार निघतं, पीएम-ट्रेस. लिनस टोरवाल्ड्सने हे 2006 मध्ये लिहिलं. सगळं निजलं तरी मदरबोर्डवरचं घड्याळ चालू असतं आणि रीस्टार्टनंतरही ते विसरत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाला हात लावण्यापूर्वी कर्नेल आपली खूण त्या घड्याळात, तारीख-वेळेच्या आकड्यांत लिहून ठेवतो. अडकला, की शेवटची खूण तिथे राहते. फक्त तीनेक मिनिटांत रीस्टार्ट करायला हवं. घड्याळ पुढे सरकलं, की निरोप पुसला जातो.

पीएम-ट्रेस चालू करून लॅपटॉप पुन्हा झोपवत राहिलो. तो अडकला, तसं रीस्टार्टसाठी मी पॉवरचं बटण दाबून धरलं. मावशी पडद्याकडे बघत होती. "अरे, तारीख काय दाखवतोय हा? कुठलंतरी भलतंच साल!" मी कर्नेलचा लॉग उघडला. खुणेशी जुळणारं नाव एकच होतं, वायफाय कार्डाचं.

त्याचा ड्रायव्हर आधी उतरवून लॅपटॉप झोपवला. झोपला. वीस वेळा झोपला. मग झोपण्याआधी ड्रायव्हर उतरवणारी आणि उठल्यावर चढवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. हा इलाज नव्हे, ठिगळ. नेमका कुठला बदल नडला ते शोधायचं, तर दोन कर्नेलमधल्या बदलांची यादी अर्धी-अर्धी करत तपासायची. दहा हजार बदल असले तरी चौदा फेऱ्यांत उत्तर येतं. पण प्रत्येक फेरीला कर्नेल नव्याने बांधायचा, आणि हा दोष तर तिसऱ्या खेपेला दिसणारा. ते काम रविवारवर टाकलं.

मावशीला लॅपटॉप परत देताना घड्याळ हाताने नीट लावलं. तिने विचारलं, "हे का बिघडलं होतं?"

"बिघडलं नव्हतं," मी म्हटलं, "बाकी सगळे निजल्यावर तेवढं एकच जागं होतं. कोण अडलं ते त्यानेच सांगितलं."