चुंबक आणि तांबडी

सिद्धेश्वरास, पूर्णेच्या कांठीं, आमचें आजोळ. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यांतील चुंबक घेऊन आम्ही तेथील वाळूंत फिरवीत असूं. बाहेर काढला कीं त्यास काळ्या कणांची मिशी फुटलेली दिसे. चुंबक आधीं कागदांत गुंडाळावा व मागाहून ओढून घ्यावा, म्हणजे कण आपोआप गळतात, ही युक्ति मामांची.

हीच युक्ति पुढें आमच्या पोटापाण्याची झाली. डीएनए शुद्ध करण्याचे सूक्ष्म मणी असतात, त्यांच्या पोटांत लोहाचा तोच चुंबकी अंश असतो. डीअँजेलिस, वांग व हॉकिन्स ह्या त्रयीनें १९९५ सालीं ही रीत प्रसिद्ध केली. मण्यांस डीएनएचें मुळींच प्रेम नाहीं. दोघांच्याही अंगीं ऋणभारच. परंतु द्रावांत भरपूर मीठ व पॉलिएथिलीन ग्लायकोल पडलें कीं डीएनए पाण्यांत नांदेनासा होतो आणि मण्यांस बिलगतो. मग नळीशेजारीं चुंबक धरावा, पाणी काढावें, मणी मद्यार्कानें धुवावे. शेवटीं निव्वळ पाणी घातलें कीं डीएनए मुकाट्यानें सुटतो.

खरी मौज प्रमाणांत आहे. मण्यांचा द्राव १.८ पट घातला तर शिडीच्या सुमारें शंभर पायऱ्यांहून लांब तुकडे बहुतेक सारे सांपडतात, ०.६ पट घातला तर लांबलांबच तेवढे. (श्रेय मण्यांचें नव्हे, त्यांच्यासवें येणाऱ्या ग्लायकोलचें.) मधलें माप हवें असल्यास दोनदां चाळावें लागतें: प्रथम मणी टाकून पाणी राखावयाचें, नंतर त्याच पाण्यांत आणखी मणी घालून मणी राखावयाचे व पाणी टाकावयाचें.

मामांची लाल कंधारी गाय मेली, तेव्हां तिच्या रक्तांतील डीएनए आमच्यापाशीं थोडा होता. तुकडे करून तो सारा आम्ही एकाच नळींत घेतला आणि, हात संवयीचा झाला होता म्हणूनच कीं काय, पहिल्याच खेपेस पाणी मोरींत ओतलें. मणी हातीं राहिले. चूक ध्यानीं येऊन आम्ही सुन्न बसलों, तोंवर तेही वाळून त्यांस भेगा पडल्या. असे मणी डीएनए सहज सोडीत नाहींत. पाण्यांत भिजवून पुष्कळ वेळ ठेवले, तेव्हां अल्पसें कांहीं उतरलें.

पोळ्यास गेलों, तों मामा रिकाम्या दावणीशीं उभे. म्हणाले, "भाचेबुवा, तुह्या नळीमधी आपली तांबडी हाय ना?"

आम्ही "आहे" म्हणालों. लांब तुकड्यांपुरतें तें खरें होतें.