सर्दी, शेंगा आणि बसवनगुडी

बंगळुरूच्या बसवनगुडीत दरवर्षी कार्तिक महिन्यात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. ती एकदा बघायची असं मी कधीपासून म्हणत होते. पण या वेळी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली ती जत्रेसाठी नाही, सर्दीसाठी.

ताईचा मुलगा पावणेदोन वर्षांचा. दसऱ्यानंतर तो पाळणाघरात जायला लागला आणि त्याच्या नाकाला जी धार लागली ती थांबेना. वाहत्या नाकाचं मूल पाळणाघर घेत नाही, आणि तेही बरोबरच आहे. ताई आणि भावोजी दोघांच्या रजा संपल्या. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. ताईचा फोन आला, “तू येतेस का थोडे दिवस?” मी पोहोचले तो सर्दीचा आठवा दिवस होता.

माकडटोपीचं शहर

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर आहे. नोव्हेंबरात पहाटे चांगलाच गारवा असतो. आपल्याकडे माथेरानला घालतात तशा माकडटोप्या इथे काका-आजोबा दूध आणायला जाताना घालतात. त्यामुळे पहिल्या दिवशी माझी खात्रीच झाली की बाळाला हवा बाधली. मिरजेहून व्हिडिओ कॉलवर आईचंही तेच मत. “स्वेटर घाल, कान बांध, खिडक्या लाव आणि वेखंड उगाळून लाव.”

ताईनं त्याला दाखवायला नेलं तेव्हा मीही गेले. डॉक्टर बाई शांत होत्या. कान, घसा, छाती सगळं तपासलं आणि म्हणाल्या, ही साधी विषाणूची सर्दी आहे. विषाणू हवेच्या गारव्यातून येत नाही, दुसऱ्या माणसाकडून येतो. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो, म्हणून तो लवकर पसरतो. खिडकी थोडी उघडी ठेवा, मुलाला बाहेर न्या.

मग त्यांनी एक हिशेब सांगितला, तो मला फार उपयोगी पडला. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पाळणाघरात नव्यानं जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त. एक सर्दी दहा ते चौदा दिवस रेंगाळते, खोकला कधी तीन आठवडेही राहतो. मी मनात गुणाकार केला. आठ सर्द्या, प्रत्येकी दोन आठवडे, म्हणजे सोळा आठवडे. वर्षातले जवळजवळ चार महिने नाक वाहणार! बऱ्याचदा एकच सर्दी महिनाभर टिकलेली नसते. पहिली जाता जाता दुसरी आलेली असते.

“शेंबूड हिरवा झालाय,” ताई म्हणाली, “अँटिबायोटिक नको का?” नको. सर्दीत शेंबडाचा रंग असा बदलतोच, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मिळालं काय, तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब, ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि “भरपूर पाणी-पातळ पाजा.” औषधांची यादी एवढी छोटी बघून ताईचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांची जागरणं आणि हातात एक छोटी बाटली.

खालच्या मजल्यावरची अज्जी

बसवनगुडी हे जुनं, झाडांचं उपनगर आहे. त्याच्या वाढीमागे एका साथीची गोष्ट आहे. मुंबईत 1896 साली आलेला प्लेग 1898 मध्ये बंगळुरूला पोहोचला. जुन्या पेठेतल्या दाट वस्तीत माणसं पटापट दगावली. त्यानंतर लोक मोकळ्या जागी राहायला निघाले, आणि रुंद, सरळ रस्ते आखलेली मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरं भरत गेली. शहरात प्लेगच्या देवीची देवळं आजही आहेत. म्हणजे ज्या रस्त्यावर मी खोकणाऱ्या पोराला कडेवर घेऊन फिरत होते, तो मोकळ्या हवेसाठीच आखलेला होता. खिडकी उघडायला मला तेवढं कारण पुरलं.

खालच्या मजल्यावर एक अज्जी राहतात. अज्जी म्हणजे आजी. मिरजेकडच्या माणसाला कन्नड थोडं कानावर असतंच, त्यामुळे आमचं जमलं. बाळाचा खोकला त्यांना खाली ऐकू जायचा. तिसऱ्या दिवशी त्या जिना चढून आल्या, हातात कुंडीतली जाड, लवदार पानं. “दोड्डपत्रे,” त्या म्हणाल्या. वास घेतला आणि ओळख पटली. आपला पानओवा! आपण त्याची भजी करतो, इथे त्याची ताकातली ‘तंबुळी’ करतात. गांधी बाजारात भाजीवाल्यांकडेही ती पानं दिसतात.

सर्दीला कन्नडमध्ये नेगडी म्हणतात, खोकल्याला केम्मु. अज्जींनी बाळाच्या छातीवर हात ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि दोनच शब्द बोलल्या. “होगत्ते. नोडिकोळ्ळी.” जाईल. लक्ष ठेवा.

पानांचं काय करायचं हे मी डॉक्टरांना फोनवर विचारलं. स्वयंपाकात शिजवून थोडं चालेल, पण रस किंवा तेल नाकात घालायचं नाही. कापूर लहान मुलांपासून लांब ठेवायचा, तो पोटात गेला तर झटके येऊ शकतात. गरम पाण्याचं वाफेचं भांडं मुलाजवळ नको, कारण भाजण्याच्या घटना अशाच होतात. मध मात्र एक वर्षानंतर चालतो, रात्री अर्धा चमचा. वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आईला हे सगळं सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग सारात घाल ती पानं. तुम्ही तरी खा.” आम्ही खाल्ली. सार फक्कड झालं होतं.

बाराव्या रात्री

सर्दीचा बारावा दिवस. रात्री दोनला खोकल्याची मोठी उबळ आली, बाळाला उलटी झाली, चादर बदलली, तो रडत रडत झोपला. भावोजी कामासाठी हैदराबादला होते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर ताई ओट्यापाशी उभी होती. हातात कफ सिरपची बाटली. मागे कधीतरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, अर्धी उरलेली.

“अर्धा चमचाच देते,” ती म्हणाली. “त्याला झोप तरी लागेल. मला सकाळी नऊला मीटिंग आहे.”

“ताई, नको.”

“तुला काय कळतं? तू आठ दिवसांनी जाशील.”

ते लागलं मला. पण ती चूक बोलत नव्हती. मी जाणारच होते. आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसलो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीचं कफ सिरप घेऊन लहान मुलं दगावली, ती बातमी दोघींनीही वाचली होती. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची सिरपं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. बाटलीत भेसळ नसली तरी एवढ्या लहान मुलाला अशा औषधाचा फायदा फारसा नसतो आणि त्रास होऊ शकतो. ताईला हे माहीत होतं. रात्री दोनला माहिती उपयोगी पडत नाही, एवढंच.

तेव्हा मला डॉक्टरांनी शिकवलेली मोजणी आठवली. आम्ही बाळाजवळ गेलो. त्याचा सदरा वर केला. मी मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि ताईनं पोट वर-खाली होताना श्वास मोजले. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले तर लगेच डॉक्टरकडे जायचं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी हा आकडा पन्नास आहे.

ताईनं छत्तीस मोजले. परत मोजले, पस्तीस. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात नव्हती. ओठ गुलाबी होते. संध्याकाळपासून दोन डायपर ओले झाले होते. आम्ही नाकात थेंब घातले, पुसून घेतलं, अर्धा चमचा मध चाटवला आणि त्याला मांडीवर जरा उभट धरलं. लहान मुलाला नाक शिंकरता येत नाही. आडवं झालं की सगळं मागे घशात उतरतं, म्हणून खोकला रात्री वाढतो. तो चारपर्यंत ताईच्या आणि नंतर माझ्या मांडीवर झोपला. ताईनं सिरप बेसिनमध्ये ओतलं. मीटिंगला ती पोहोचली, डोळे सुजलेले घेऊन.

शेंगांची जत्रा

सकाळची कामं झाली की मी त्याला कडेवर घेऊन बाहेर काढायचे. कधी लालबागेत. हैदर अलीनं 1760 मध्ये सुरू केलेल्या या बागेत एक उघडा कातळ आहे, सुमारे तीनशे कोटी वर्षं जुना. सकाळच्या उन्हात तो जरा तापला की बाळाला त्यावर बसायला आवडायचं. सतराव्या दिवशी मात्र आम्ही दोघी त्याला घेऊन जत्रेला गेलो.

बसवनगुडी हे नाव ज्याच्यावरून पडलं ते बसवाचं, म्हणजे नंदीचं देऊळ टेकाडावर आहे. आत एकाच दगडातून घडवलेला भलामोठा नंदी. गोष्ट अशी सांगतात की एक बैल रोज रात्री शेतातला भुईमूग खायचा. शेतकऱ्यांनी शेवटी पहिलं पीक त्यालाच वाहायचं ठरवलं. कार्तिकातला शेवटचा सोमवार जत्रेचा मुख्य दिवस, पण शेंगांचे ढीग आधीपासून लागतात आणि नंतरही काही दिवस राहतात. भाजलेल्या, उकडलेल्या, कच्च्या. दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. माप घालणाऱ्या बाया, फुगे, पिपाण्या, चुरमुरे.

गर्दीत खोकणारं मूल न्यायचं नाही, म्हणून आम्ही सकाळी लवकर, दुकानदार ताडपत्र्या उघडत असतानाच गेलो आणि कडेकडेनं फिरलो. एका बाईनं बाळाच्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या. ताईनं हसून त्या पिशवीत टाकल्या. अख्खा दाणा चार-पाच वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही, श्वासनलिकेत अडकू शकतो. आणि खोकणाऱ्या मुलाला तर नाहीच. त्याला रिकामी कागदी पुडी मिळाली. ती वाजवत तो नंदीच्या देवळापर्यंत गेला. त्याच्या घरच्या वाट्याच्या शेंगांचं नंतर कूट झालं.

त्या दिवशी मी ताईला विचारलं, “मी गेल्यावर कसं करशील?” ती म्हणाली, “श्वास मोजीन. अज्जी आहेत खाली. आणि तुला रात्री दोनला फोन करीन.” भावोजींनीही आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. आधी मागायचं सुचलंच नव्हतं कुणाला.

तुमच्या घरीही असं रेंगाळलेलं नाक असेल, तर हे लक्षात ठेवा. श्वास वेगानं चालला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळसर दिसले, मूल पीत नसलं किंवा मलूल पडलं, तर रात्र असो की सकाळ, दवाखाना गाठा. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, कान दुखायला लागला, किंवा दोन आठवड्यांनीही सर्दीला उतार नसला, तर दाखवा. एरवी थांबा. पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे मला अज्जींच्या दुसऱ्या शब्दानं शिकवलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी बाळ आपणहून उठलं, कोरड्या नाकानं. माझी बॅग भरलेली होती. आईचा व्हिडिओ कॉल आला.

“गेली का सर्दी?”

“गेली,” ताई म्हणाली, “पुढची येईपर्यंत.”