इतिहासाची शिक्षिका, गणिताचा तास

माझं बी.एड. इतिहासाचं, पण गणिताला शिक्षक नाही म्हणून सातवीचं गणित माझ्याकडे आलं. रात्री आधी उद्याच्या पाठाची तयारी, मग मुक्त विद्यापीठाच्या एम.ए.ची पुस्तकं. दमायला होतं, पण दोन्ही अभ्यास मला हवेसे वाटतात.

आज एका मुलीनं विचारलं, “बाई, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो?” नुसता नियम पाठ करायला सांगणं मनाला पटेना. फळ्यावर उणे दोनला 3, 2, 1 आणि 0 ने गुणत गेले. उत्तरं आली -6, -4, -2, 0. “आता उणे एकने गुणलं तर?” अख्खा वर्ग ओरडला, “दोन!” मग सांगितलं, हे नियम ब्रह्मगुप्तानं इ.स. 628 मध्येच लिहून ठेवलेत. तिथं माझा इतिहास कामी आला.

तरीही सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी शिक्षक हवा, असं 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तो शिक्षक या मुलांना मिळालाच पाहिजे. तोवर त्यांचं गणित कच्चं राहू न देणं ही माझी जबाबदारी.